नऊ वेळा साभार परत

मी एक जुने बाड आहे. मित्रांनो, हा शब्द तुम्ही कदाचित ऐकला नसेल. पुस्तक छापले जाण्याआधी लेखकाच्या हातच्या कागदांचा जो गठ्ठा असतो, त्याला बाड म्हणतात. काही बाडांचे पुस्तक होते. माझे झाले नाही. कसे झाले नाही, तेच सांगतो.

माझी दोनशे चौदा पाने आहेत. वर-खाली निळा पुठ्ठा आणि बांधायला पांढरी नाडी. माझ्यावरचे अक्षर इतके सुबक आहे की पाहणारा म्हणतो, छापलेलेच वाटते. हे अक्षर एका कारकुनाचे. तो कोर्टात कागदांच्या नकला करण्याचे काम करी. पण माझ्यातली हकिगत त्याची नाही, त्याच्या बायकोची आहे.

ती सुईण होती. बाळंतपणे करायची. चौथीपर्यंत शिकलेली. एखाद्या घरून परत आली की हातपाय धुऊन ती मुलीच्या वहीची मागची कोरी पाने काढायची आणि तिथे काय घडले ते लिहून ठेवायची. अक्षर वेडेवाकडे, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. अशा सात वह्या भरल्या. पुढे दवाखाने वाढले, तिला बोलावणी येईनाशी झाली, तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, ह्याचं पुस्तक होईल. मी नीट लिहून काढतो."

आणि तो लिहू लागला. दोन वर्षे, रोज सकाळी कचेरीत जाण्याआधी दीड तास. लिहून लिहून त्याच्या मधल्या बोटाला घट्टा पडला. मी असा एकेका पानाने मोठा होत गेलो.

पण मित्रांनो, त्याने नुसती नक्कल केली नाही. त्याला वाटले, पुस्तकाची भाषा भारदस्त हवी. वहीत तिने लिहिले होते, "बाळ आलं. रडलं नाही. मी त्याला उलटं धरलं, पाठ चोळली. मग रडलं. मग मी पण रडले." माझ्या पानावर ते असे उतरले : "तदनंतर नवजात अर्भकाने आपल्या आगमनाची ग्वाही देणारा आक्रोश केला आणि प्रस्तुत लेखिकेचे नेत्र पाणावले." त्याने ते वाचून दाखवले तेव्हा तिने पान हातात घेऊन पाहिले. मग म्हणाली, छान आहे, मोठ्या माणसाने लिहिल्यासारखे वाटते. तो खूश झाला.

मी पुरा झालो त्या रविवारी त्याने घर आवरले. दोन खोल्यांचे घर. सातही वह्या त्याने रद्दीवाल्याला देऊन टाकल्या. आता पक्के बाड तयार आहे, कच्चे कशाला ठेवायचे, असे त्याला वाटले. त्यात वाईट हेतू तिळभरही नव्हता.

मग प्रकाशकांना पत्रे लिहिणे सुरू झाले. पहिले पत्र चार पानी होते. "साहित्याच्या प्रांगणात एक नम्र पाऊल" अशी त्याची सुरुवात. त्यात बायकोला त्याने "एक अनुभवसंपन्न विदुषी" म्हटले होते, पण ती सुईण आहे हे कुठेच लिहिले नव्हते. सुईण म्हटले की लोक नाक मुरडतील, अशी त्याला धास्ती. पुस्तकात काय आहे, हेही चार पानांत कुठे आले नाही. ते पत्र माझ्या पहिल्या पानाला टाचणीने लावून त्याने मला पाठवले, तेही कायद्याची पुस्तके छापणाऱ्याकडे, कारण कोर्टात तोच एक पत्ता त्याला माहीत होता.

मी आठवड्यात परतलो. सोबत एक छापील चिठ्ठी होती, "आपले बाड साभार परत." माझी नाडी कोणी सोडलीसुद्धा नव्हती. त्याने मारलेली गाठ जशीच्या तशी होती.

पत्ता त्याने कचेरीचा दिला होता, त्यामुळे घरी काही कळले नाही. त्याने चिठ्ठी माझ्या पुठ्ठ्यात सरकवली आणि नवे पत्र लिहायला घेतले. हे पत्र पाच पानी झाले. अशा नऊ प्रकाशकांकडे मी जाऊन आलो. कुठे माझ्यावर चहाचा कप टेकला, कुठे वर्षभर कपाटाखाली धूळ खात पडलो. घरी ती रोज विचारायची, "आलं का काही?" आणि तो म्हणायचा, अजून वाचताहेत, मोठं बाड आहे, वेळ लागणारच. तो हे सांगत असे तेव्हा मी बहुतेक त्याच्या कचेरीच्या कपाटात असायचो.

निवृत्तीला चार महिने राहिले असताना तो गेला. खुर्चीत बसल्या बसल्याच. कचेरीतला शिपाई त्याच्या वस्तू घेऊन घरी आला. छत्री, चष्मा, जेवणाचा डबा आणि मी.

तिने नाडी सोडली आणि नऊ चिठ्ठ्या एकामागून एक वाचल्या. मुलगी शेजारी होती, ती चिडली. बाबा इतकी वर्षे खोटे का बोलले, असे तिने विचारले.

"मी रोज विचारायचे ना," आई म्हणाली. "रोज नाही कसं म्हणणार ते?"

त्यानंतर महिन्याभराने तिने स्वतः पत्र लिहिले. मुलीने एका प्रकाशकाचा पत्ता शोधून दिला, पण आईने तिला मजकुराला हात लावू दिला नाही. माझ्यासोबत गेलेल्या त्या वहीच्या पानावर एवढेच होते :

"नमस्कार. मी सुईण आहे. एकोणतीस वर्षांत माझ्या हातावर नऊशेच्या वर मुलं आली. बारा गेली. ह्या पुस्तकात जास्त करून त्या बाराजणांचं लिहिलंय. जगली त्यांची आठवण ठेवायला माणसं आहेत. अक्षर माझ्या नवऱ्याचं आहे, ते आता नाहीत. नाही आवडलं तरी चार ओळी लिहा. वाट बघायला मला आता सोबत नाही."

बारा दिवसांनी त्या प्रकाशकाकडच्या संपादिकाबाई मला घेऊन स्वतःच घरी आल्या. मला त्यांनी मांडीवर ठेवले होते. पत्र कोणी लिहिले, असे त्यांनी विचारले. मग म्हणाल्या, "आजी, हे पत्र मी तीनदा वाचलं. बाडात मात्र तुम्ही सापडत नाही. तुमचं मूळ लिखाण कुठंय?"

तिने रद्दीचे सांगितले. बाईंनी मला तिच्याकडे दिले. जाताना लाल पेन्सिल ठेवून गेल्या. जिथे शब्द तुमचे नाहीत तिथे काट मारा, वर तुमचे लिहा, म्हणाल्या.

ती माझ्यापुढे बसली. पेन्सिल "प्रस्तुत लेखिका" ह्या शब्दांवर टेकली. मला वाटले, आता रेघ उठणार. पण तिने पेन्सिल खाली ठेवली.

"माझ्याच्यानं होणार नाही. ह्यांनी बोट दुखवून लिहिलंय."

मग मुलीने तोडगा काढला. बाबांचे तसेच राहू दे, तू सांग, मी नव्या कागदावर लिहिते, म्हणाली. रोज दुपारी आई सांगू लागली. त्या बारांपैकी सात मुलांच्या हकिगती तिने सांगितल्या, तिच्याच शब्दांत. आठव्यापाशी ती अडली. उरलेली पाच मुले फार वर्षांपूर्वीची. मुलीने मला उघडून वाचून दाखवले. ती डोळे मिटून ऐकत राहिली आणि मान हलवू लागली.

"वार कळतो, घर कळतं. पण ती बाई मला काय म्हणाली होती, ते ह्यात नाही. लिहून ठेवलं होतं म्हणून मी मनावरून उतरवलं गं."

थोडंफार जुळवून सांग, असे मुलगी म्हणाली. त्यावर आई म्हणाली, "नाही. खरी मुलं होती ती."

सात हकिगतींचे पातळ पुस्तक निघाले. तिने ते हातात घेतले, वास घेतला आणि नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवले. पुढच्या वर्षी तीही गेली.

मी आता मुलीच्या कपाटात असतो. मित्रांनो, तुमच्या घरात कोणी वेड्यावाकड्या अक्षरात काही लिहीत असेल, तर चुका जरूर दुरुस्त करा, पण त्याचे शब्द त्याचेच राहू द्या, आणि ती वही टाकू नका. आणि कोणी पत्र पाठवून विचारले, तर नकार द्यायचा असला तरी चार ओळी आपल्या हाताने लिहा.

कधी मी तुमच्या हाती लागलो, तर माझ्या अवघड शब्दांना कंटाळून मला लगेच मिटू नका. त्यांच्यामागे पाच मुले आहेत, आणि त्यांना राहायला दुसरी जागा नाही.