माझं उलटं फूल

मी भिंतीवरची शाल बोलतेय. हसू नका! मातीच्या टाइलची असले, भट्टीत भाजलेली असले, तरी शालच आहे मी. डोळ्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत असते. लोक माझ्याकडे पाठ करून मोबाइलमध्ये डोकं खुपसतात, त्याचं मला काही नाही. पण झालेला अन्याय मी मुकाट्यानं गिळणार नाही.

ज्या शालीवरून मला घडवलं, ती आत्याबाईंनी मागावर विणलेली. नक्षी त्यांच्या पणजीच्याही आधीची. त्या घरात शालीवर कुणी नाव घालत नसे. विणणारीनं एकच फूल मुद्दाम खाली मान घातलेलं विणायचं, हीच तिची सही.

आत्याबाईंना आता दिसत नाही, डोळे दाखवायला त्या याच दवाखान्यात येतात. म्हणून तर कुंभारकाम करणाऱ्या त्यांच्या भाचीनं माझी फुलं उठावाची केली, बोटांना कळावीत म्हणून. उलट्या फुलाची टाइल भट्टीत तडकली, तर तिनं ती पुन्हा केली.

आणि नेमकी मला भिंतीवर लावायच्या दिवशी भाची तापानं फणफणलेली. मिस्त्रीनं ती टाइल हातात घेतली.

"साहेब, बाईंचं इथं काहीतरी चुकलंय."

"मग कर की सरळ," डॉक्टर म्हणाले, आणि मिस्त्रीनं ती फिरवून बसवली.

अरे, एक फोन करायला काय हात मोडले होते? आणि म्हणे डोळ्यांचे डॉक्टर!

भाची बरी झाली आणि हौसेनं आत्याला घेऊन आली. आत्याबाईंची बोटं माझ्यावरून फिरली. खालच्या कोपऱ्याशी थांबली, पुन्हा फिरली. चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

"छान आहे गं. पण कुणाची ही?"

"तुझीच की, आत्या!"

"माझी असती तर मला सापडलं नसतं का माझं फूल?"

भाचीनं वाकून पाहिलं आणि पांढरीफटक पडली. ती टाइल काढून द्या म्हणून डॉक्टरांच्या विनवण्या केल्या.

"जाऊ द्या हो, काढताना फुटेल. आणि कळतंय कुणाला?"

कळतंय कुणाला! जिच्यासाठी मी जन्मले तिला कळलं, ते पुरे नाही?

आत्याबाई अजून डोळे दाखवायला येतात. माझ्याच खाली बसतात, पण हात मांडीवरून हलत नाही. मला ते बघवत नाही हो. कुणीतरी छिन्नी आणा. फुटले तर फुटू द्या मला. ते फूल उलटं लावा आणि आत्याबाईंचा हात धरून तिथे टेकवा.