भिंतीच्या कडेने

करी रोडच्या चाळीत रामदासकाकाने त्या रविवारी धोपाटणं उचललं, तेव्हा नम्रताला वाटलं, काका चादरी धुवायला बसतोय. बावळट पोरगी! आफ्रिकेच्या जंगलात चिचुंदऱ्यांच्या अभ्यासापायी वर्षानुवर्षं फिरली, पण घरचा माणूस काही तिला कळला नाही.

भांडण मिरच्यांवरून होतं. वर्षाच्या मसाल्यासाठी लालबागहून आणलेल्या मिरच्या गॅलरीत वाळत होत्या, आणि मोरीतली चिचुंदरी त्यांवरून फिरली की वास जन्मात जात नाही, असं काकाचं म्हणणं. नम्रताने त्याला समजावलं. चिचुंदरी मिरच्या नाही, झुरळं खाते. डोळे अधू, म्हणून भिंतीला अंग घासत रोज त्याच वाटेने जाते. पिल्लं एकमेकांची शेपटं धरून मागोमाग येतात. मिरच्या भिंतीपासून हातभर सरकवल्या की झालं. काकाने सगळं नीट ऐकलं, वर प्रश्नही विचारले. नम्रता खूश! तिकडे आफ्रिकेत एकाच टेकडीवर उरलेली अंगठ्याएवढी चिचुंदरीही अशीच राहते, हेही तिने सांगून टाकलं. त्या टेकडीवर आता चहाचा मळा होणार होता. मळ्याच्या साहेबाने बिळं कुठं आहेत ते गोड बोलून विचारलं होतं, तेवढी जागा सोडू म्हणाला होता. आज ती सांगणार होती.

काकाने मोरीत उकळतं पाणी ओतलं आणि तो भिंतीपाशी उभा राहिला. चिचुंदरी भिंत धरूनच आली, मागे पिल्लांची माळ. पहिल्याच फटक्यात आईची कंबर मोडली. ती किंचाळत फरपटत राहिली, पण पिल्लांनी शेपटं सोडली नाहीत. काकाने एकेक ठेचलं. लादीवर रक्त, आतडी आणि तो उग्र वास. नम्रता धावली आणि काकाच्या मनगटाला कडकडून चावली. त्याने तिच्या थोबाडीत दिली, तिचा ओठ फुटला.

"वाट तूच सांगितलीस ना?" हात झटकत तो म्हणाला. "नाहीतर मला कुठं सापडत होती?"

ती मोरीच्या कट्ट्यावर बसून ढसाढसा रडली. तिची आई मालन लादीवर पाणी ओतत होती. मिरच्यांना वास लागलाच होता. काका शिव्या घालत त्या पिशवीत भरत होता.

तेवढ्यात मळ्याच्या साहेबाचा फोन आला. बिळांचं काय ठरलं, त्याने विचारलं.

तोंडातलं रक्त गिळून नम्रता म्हणाली, "सगळ्या टेकडीवर आहेत. पाय टेकवाल तिथे."

साहेबाने पुन्हा गोड आवाजात विचारलं, पण नक्की कुठे. तिने फोन बंद केला.