मावशीचा अंगठा

"बाकीचं नंतर बघ. आधी पेन्शनचा अर्ज भर. नाव तुझं आणि अंगठाही तुझाच," मी नोकरीला लागले तेव्हा आईनं बजावलं होतं. मी बाळाचा लंगोट बदलता बदलता "हो गं" म्हटलं आणि विसरले.

आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीला होती. माझ्या वेळेस तिला दिवस गेले, तेव्हा धाकटी मावशी तिच्या जागी उभी राहिली, ती कायमचीच. अर्धा आठवडा ही, अर्धा ती. हजेरी मात्र आईच्या नावाची. लहानपणी मी तिथंच खेळायचे. वाफेत दोघी सारख्याच दिसायच्या. चादरींच्या पांढऱ्या ढगातून एखादा ओला हात यायचा, माझा गाल पुसून जायचा. तो कुणाचा, हे विचारावंसंही वाटायचं नाही. मुकादमाला काम झाल्याशी मतलब.

पेन्शन योजना आली, त्या दिवशी पाळी मावशीची होती. सगळ्यांना सभासद केलं, यंत्रावर अंगठे घेतले. रांगेतून निसटायचं कसं? तिनं मुकाट्यानं दिला. सभासद आई, अंगठा मावशीचा.

आता आई निवृत्त आहे. ती हयात असल्याची खात्री करायला दरवर्षी अंगठा लागतो. आईचा लावला की यंत्र रुसतं, म्हणून मावशी जाते. पेन्शन दोघी निम्मी निम्मी घेतात. मावशीला दुसरा आधार नाही. "मी जिवंत आहे का, ते हिला विचारा," असं म्हणून आई हसते.

यंदा आईनं अंथरूण धरलंय. परवा दुपारी खोलीत दुधासारखा उजेड सांडला होता, बाळ माझ्या मांडीवर पेंगत होतं. मावशी आईच्या अंगावरची चादर तळव्यानं सारखी करत होती, इस्त्री फिरवावी तशी.

"मी गेले तरी तू जात राहा," आई म्हणाली. "यंत्राला काय कळतंय?"

मावशी चादरीवर नसलेल्या सुरकुत्या शोधत राहिली.

"नाही ताई. तू आहेस तोवर ठीक. पुढे मेलेल्या बहिणीच्या नावावर जगायचं, ते मला जमायचं नाही."

मग खाणार काय, असं मी विचारलं. तिनं बाळाच्या तोंडावर आलेलं ऊन हातानं अडवलं आणि मला जरा सरकायला सांगितलं.

तुमच्याही घरात असं कुणीतरी दुसऱ्याच्या जागी उभं राहून राबलेलं असेल. एकदा जाऊन या त्यांच्याकडे. त्यांचं स्वतःचं नाव कुठं लागलंय का, तेवढं विचारा.