अठ्ठावन्नच्या फायनलचे दोन फ्री थ्रो

डॉ. शशिधर वझलवार यांनी अठ्ठावन्न सालची आंतरकॉलेज बास्केटबॉलची फायनल एकहाती जिंकली होती, हे ज्याला ठाऊक नाही असा मराठी माणूस लंडनच्या हॅरोत सापडणं कठीण. सापडलाच तर तो काल हीथ्रोला उतरलेला असणार, आणि वझलवारांकडचं त्याचं जेवण आधीच ठरलेलं असणार.

गोष्ट वरणभाताबरोबर सुरू व्हायची आणि ताकापर्यंत फायनल यायची. नागपूरची थंडी, मुरमाचं कोर्ट, चुन्याच्या रेघा, चामड्याचा जडशीळ बॉल आणि सीझनभर एकही मॅच न हरलेली त्यांची मेडिकलची टीम. समोर इंजिनिअरिंगवाले. त्यांचा सेंटर सत्तर सालापर्यंत सहा फुटांचा होता; डॉक्टर रिटायर झाले तोवर तो सहा फूट पाच इंच झाला. मधल्या काळात तो बिचारा वारला, पण उंची काही थांबली नाही. शेवटची काही सेकंदं, टीम एका पॉइंटने मागे, आणि डॉक्टरांना दोन फ्री थ्रो. "दोन्ही आत!" असं म्हणून डॉक्टर वाटीतलं ताक संपवायचे आणि पाहुणे वा वा करायचे, कारण गोड अजून यायचं असायचं.

त्यांच्या पत्नी वीणाताई वा वा करायच्या नाहीत. त्या गोड आणायला उठायच्या. कारण त्या फायनलला त्या स्वतः हजर होत्या. त्यांच्या मैत्रिणीचा, अरुणाचा, भाऊ इंजिनिअरिंगकडून खेळायचा, म्हणून दोघी मुलींच्या बाकांवर जाऊन बसल्या होत्या. मेडिकलचा एक काडीपैलवान मुलगा रेघेवर उभा राहिला. त्याचा पहिला बॉल रिंगपर्यंत पोचलाच नाही आणि दुसरा रिंगवर आपटून बाहेर पडला. मेडिकल एका पॉइंटने हरलं. मुलाने समोरच्या सगळ्यांशी हात मिळवले आणि मग नळावर जाऊन तो बराच वेळ तोंड धूत राहिला. अरुणा हसली होती. वीणाताईंना हसू आलं नव्हतं.

पाच वर्षांनी तोच मुलगा, आता डॉक्टर होऊन, त्यांना बघायला आला. पोह्यांचा ट्रे घेऊन त्या बाहेर आल्या तर बैठकीत फायनल रंगात आलेली. "दोन्ही आत?" वडिलांनी विचारलं. "दोन्ही," मुलगा म्हणाला, आणि त्याचे कान लालबुंद झाले. इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस संसाराला फार सोयीचा, असं ठरवून वीणाताईंनी होकार कळवला. आपण ती मॅच बघितली हे लग्नानंतर सांगू, असं त्यांच्या मनात होतं. मग परदेश आला, हॉस्पिटलमधल्या नाइट ड्यूट्या आल्या, मुलं झाली. साठ वर्षांत म्हणे वेळच मिळाला नाही.

हॅरोच्या मराठी मंडळाचा गणपती दरवर्षी एका शाळेच्या स्पोर्ट्स हॉलमध्ये बसतो. हॉलच्या एका टोकाला थर्माकोलचं मखर, दुसऱ्या टोकाला बास्केटबॉलची रिंग आणि मध्ये दोनशे भुकेले भाविक. यंदा मंडळाने ज्येष्ठांचा सत्कार ठरवला. सेक्रेटरी मिहीर हा मूळ पुण्याचा, बँकेत आयटीत, आणि साधा सत्कार त्याच्या प्रतिष्ठेला शोभणारा नव्हता. डॉक्टरांना फेटा बांधून, शाल पांघरून, हातात नारळ देऊन झाल्यावर त्याने माइक हातात घेतला.

"काका, एक सरप्राइज आहे! ज्या हातांनी फिफ्टी-एटची फायनल जिंकली, तेच हात आज इथे, लाइव्ह, दोन फ्री थ्रो टाकणार आहेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरांची नात तनया युनिव्हर्सिटीच्या टीममधून खेळायची. ती बॉल घेऊन धावत आली. "आजी, हा माझा आयडिया! आजोबाचा फुल मोमेंट होणार, यू वेट."

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते वीणाताईंच्या कानाशी वाकले. "वीणा, मला बरं वाटत नाहीये गं. घरी जाऊ या."

ती गोष्ट ऐकून ऐकून वीणाताईंचे कान किटले होते. या आयडियेवर त्यांनी खरं तर पोट धरून हसायला हवं होतं. पण गेल्या वर्षापासून डॉक्टरांना शेजाऱ्याचं नाव आठवत नव्हतं, सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नव्हतं. एक ती फायनल तेवढी जशीच्या तशी शाबूत होती. आज चारचौघांत ते तोंडावर पडले तर उद्यापासून ती गोष्टही ते सांगणार नाहीत, हे वीणाताईंना स्वच्छ दिसत होतं. आणि ती गोष्ट बंद झालेलं घर त्यांना नको होतं.

"मिहीर, अरे त्यांचे दोन्ही गुडघे बदललेत," त्या म्हणाल्या.

"काकू, डोंट वरी. फ्री थ्रोला पळावं लागत नाही. मी चेक केलंय!"

तोवर "काका! काका!" असा गजर सुरू झाला होता. देवासमोर कोणी एवढा गजर केला नव्हता. डॉक्टरांनी नारळ वीणाताईंच्या हातात दिला, शाल खांद्यावर टाकली आणि ते निघाले. गणपतीपुढे जोडे काढायचे म्हणून सगळे मोज्यांवर, आणि फरशी इंग्लिश शाळेची, चकाचक पॉलिशची. त्या फरशीवरून सत्त्याऐंशी पार केलेला माणूस फेट्यासकट पावलं मोजत रेघेपर्यंत गेला आणि कमिटीला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. फोन मात्र सगळ्यांचे वर झाले.

डॉक्टरांनी बॉल दोन्ही हातांत धरला आणि नवे गुडघे वाकतील तेवढे वाकवून खाली, मांड्यांच्या मध्ये नेला. त्या काळात सगळे फ्री थ्रो असाच टाकायचे.

"ओ माय गॉड, ग्रॅनी शॉट!" मागून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

पहिला बॉल रिंगच्या चांगला अलीकडेच पडला, दोन टप्पे घेऊन प्रसादाच्या टेबलाकडे गेला आणि मोदकांच्या ताटात शिरला. "काही नाही, काही नाही, प्रॅक्टिस!" मिहीर माइकवरून म्हणाला. लोकांनी समजूतदार टाळ्या वाजवल्या. लहान मुलाने कविता विसरल्यावर वाजवतात, तशा. वीणाताईंना त्या टाळ्यांचा संताप आला. नारळ हातात होताच. मिहीर जरा जवळ असता तर काय झालं असतं सांगता येत नाही.

तनयाने बॉल पुसून परत दिला. डॉक्टरांनी एकदा वळून बायकोकडे पाहिलं. वीणाताईंनी मान हलवली. टाका, आणखी काय.

बॉल वर गेला, रिंगवर आपटला, सरळ वर उडाला, पुन्हा रिंगच्या कडेवर आला, तिथे जरा घुटमळला आणि आत पडला.

हॉल नुसता दणाणला. आरतीसाठी वॉटफर्डहून आलेल्या ढोलपथकाला कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी ठोकायला सुरुवात केली. "हिस्टरी रिपीट्स!" मिहीर बेंबीच्या देठापासून ओरडला. तनया आजोबांच्या गळ्यात पडली. डॉक्टर मात्र हात तसेच पुढे धरून रिंगकडे बघत उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. केवढा भावुक झाला माणूस जुन्या आठवणीने, असं लोक एकमेकांना सांगू लागले. जुनी आठवण काय होती हे त्या हॉलमध्ये फक्त दोघांना माहीत होतं.

ते परत येऊन खुर्चीत बसले. धाप लागली होती, फेटा कानावर आला होता.

"बघितलंस? अगदी तेव्हासारखाच गेला."

वीणाताईंनी त्यांचा फेटा उतरवून मांडीवर घेतला. साठ वर्षं त्यांनी एक वाक्य गिळलं होतं. आज डॉक्टरांना त्या खोट्याची गरज उरली नव्हती.

"तेव्हासारखा नाही हो," त्या म्हणाल्या. "तेव्हा रिंगवरून बाहेर गेला होता. आज आत गेला."

डॉक्टरांचे कान लालबुंद झाले.

"तू... तू होतीस तिथे?"

"मुलींच्या बाकांवर."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"अहो, तुमची गोष्ट संपली तर बोलायला मिळणार ना!"

आरती सुरू झाली. सगळे उठून उभे राहिले, टाळ्या वाजवू लागले. डॉक्टर बसूनच राहिले. त्यांनी वीणाताईंचा हात घट्ट धरून ठेवला होता, त्यामुळे दोघांनाही टाळ्या वाजवता आल्या नाहीत.