पेलाभर ओल

दादावर बागेतली एकच जबाबदारी होती. धाकट्या बहिणीनं शेडलगतच्या एका लिंबाच्या झाडाच्या मुळाशी ओल मोजणारी दांडी पुरली होती. माती कोरडी पडली की दादाचा फोन वाजायचा आणि त्यानं बागेच्या टोकाला जाऊन ठिबकचा व्हॉल्व्ह उघडायचा. एवढं काम मांजरालाही शिकवता आलं असतं.

फोन मात्र नेमका दुपारी वाजायचा, दादाचा डोळा लागलेला असताना. व्हॉल्व्ह लांब, ऊन रणरणतं, आणि दांडी मेली शेडमधल्या त्याच्या खाटेपासून हातभर अंतरावर. एकदा त्यानं पडल्यापडल्याच उशाशी ठेवलेला पेला तिच्या बुडाशी रिकामा केला. फोन गप्प झाला. दादाला स्वतःच्या अकलेचं कौतुकच वाटलं, आणि मग सवय लागली. पानं वळायला लागली तेव्हा त्यानं उन्हाला नावं ठेवली.

लिंबं सुपारीएवढी असतानाच गळाली. वडिलांनी ती मूठभर उचलून बहिणीपुढे धरली.

"फोनवर तर रोज ओल दिसत होती ना? बाग करायचीय की खेळण्यांशी खेळायचंय? उपट ती दांडी."

"माझंच काहीतरी चुकलं असेल, बाबा." किती हट्ट करून तिनं दांडी लावायची परवानगी मिळवली होती. आणि सख्खा भाऊ शेजारी मूग गिळून उभा होता.

ती खुरपं घेऊन बसली. दांडीभोवती काळाभोर चिखल निघाला. वीतभर पलीकडे नुसती धूळ. तिनं चिखलाकडे पाहिलं, मग खाटेकडे, मग पेल्याकडे. आता आपलं पितळ उघडं पडणार, दादाला वाटलं.

"जागा चुकली माझी," ती वडिलांना म्हणाली.

दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "जागा नाही चुकली," तो कसाबसा म्हणाला. "फोन वाजला की मी इथंच पेला ओतायचो. तिकडे जायचा कंटाळा यायचा."

वडिलांनी लिंबं खाली टाकली आणि ते घराकडे गेले.

बहिणीनं खड्ड्यात कोरडी माती भरली आणि दांडी पुन्हा तिथंच उभी केली.

"दुसरीकडे लाव ना. माझ्यापासून लांब."

"कशाला? तू असतोस इथं. लक्ष राहील."

ती टोमणा मारत नव्हती. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. दादा व्हॉल्व्हकडे चालू लागला. टोकापर्यंत सगळ्या वाटेवर त्याच्या पायाखाली लिंबं येत होती.