बांधलेली शीव

वर काय बघताय गुरुजी? आढं ना? बघा, बघा, सगळेच बघतात. अख्ख्या पाड्यात सागाचं आढं माझ्या एकट्याच्या घराला आहे. राजाच्या राज्यात साग म्हणजे राजाचं झाड. आमच्यासारख्यानं त्याला कुऱ्हाड लावली की हातात बेड्या. मग फागू कारभाऱ्याच्या घरावर ते कसं चढलं? तुम्ही विचारणार नाही, तुम्ही शिकलेले. पण आज मतांची यादी करायला आलात आणि पाड्याचा कारभारी म्हणून पहिलं नाव माझं लिहायला निघालात. तेवढं नका करू. पेन्सिल खाली ठेवा आणि आधी ऐकून घ्या.

तेव्हा मोखाड्याला मोटार यायची होती. जव्हारला राजा होता आणि आमच्या रानात होता लाकडाचा ठेकेदार. त्याची वेठ आम्हाला. ऐन पेरणीत त्याचा माणूस यायचा, घरटी एक गडी काढायचा आणि गाडीवाटेपर्यंत ओंडके ओढायला लावायचा. मजुरी नाही, भाकर आपल्या घरची. माझा सख्खा भाऊ त्यात कमरेत मोडला. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी काय केलं ते तुम्हाला नीट कळेल.

एका साली दवंडी आली की राज्यात सभा भरणार आणि तिथं बसायला रयतेतून माणूस निवडायचा. ज्याच्या नावावर शेत त्याला मत, मग बाई असो की बाप्या. आमच्या भागातून दोघं उभे राहिले. एक हाच ठेकेदार. दुसरा मोखाड्याकडचा वामन, वेठ बंद करा म्हणून गावोगाव सांगत फिरणारा. यादी झाली तर आमच्या सात पाड्यांतलं एक नाव तीत नाही! कारण काय, तर म्हणे ही रानातली माणसं, आज इथं उद्या तिथं. अहो, आमच्या आजा-पणज्याचे दगड या माळावर उभे आहेत!

आम्ही बाप्ये गप्प बसलो. उठली ती रुपी.

रुपी म्हणजे भिकाची रांडाव बायको. ओहोळाकाठी तिचं भाताचं शेत, घरात एकुलती पोरगी तानी. ती एकटी खोडाळ्याला गेली, बाजाराच्या मधोमध उभी राहून ओरडली, कचेरीच्या माणसाचा पिच्छा पुरवला आणि वदवून घेतलं. माघात अमुक दिवशी कारकून खोडाळ्याला बसेल, एकच दिवस. जो स्वतः समोर उभा राहील त्याचं नाव चढेल. जो येणार नाही तो गेला.

मग ही बाई सात पाडे पायी फिरली. लिहिता येत नव्हतं. कमरेला एक दोरी बांधली होती, घर कबूल झालं की त्या दोरीला एक गाठ. दोनशेच्या वर गाठी झाल्या. ठरलं असं की त्या दिवशी सकाळी साती पाडे आमच्या देवाच्या माळावर जमतील आणि ढोल वाजवत एकदम खोडाळ्याला जातील.

देवाच्या माळावर बैठक झाली तेव्हा सगळी माणसं तिच्याकडं तोंड करून बसली. मी कारभारी, माझ्याकडं पाठ. मी म्हटलं, "देवाला इचारल्याबिगर एवढा मोठा घोळका शीवेबाहेर न्यायचा नाय."

रुपी हसली. "फागूदादा, तू देवाला इचारतोस का देव तुला इचारतो, ते आधी सांग!"

हसली हो सगळी! म्हातारा सोम्या तर हसता हसता खोकायला लागला. चेष्टेतलं बोलणं, तिनं मनात काही धरलं नव्हतं. मी धरलं. माझ्या अंगाची आग झाली, आणि ती आग घेऊन मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा दिवाणजी मधु आला. अंगणात बसला, तंबाखू पुढं केली. ताकाला येऊन भांडं लपवणारा माणूस! बोलला बैलांचं, बोलला नागलीचं. मग वर बघून म्हणाला, "कारभारी, आढं कुजलं की तुमचं. येत्या पावसात बसेल खाली." मी तंबाखू मळत राहिलो. तो म्हणाला, "शेटजींकडं सागाचं एक पडून आहे, शिक्क्याचं. कुणी विचारणार नाही." आणि चपला घालता घालता, "तुमच्यात ते शीव बांधतात म्हणे. तो हक्क तुमच्याच घराचा ना? कधी बांधता?"

गुरुजी, शीव बांधणं तुम्ही बघितलं नसेल, आता कोणी बांधत नाही. पटकी नाहीतर गुरांचा रोग आला की कारभाऱ्यानं देवाला कौल लावायचा. माळामागच्या राईत देवाचा दगड आहे, त्याला ओले तांदूळ चिकटवायचे आणि कुठला दाणा कुठल्या अंगाला पडतो ते बघायचं. देवानं सांगितलं तर वाटांवर उंबराची फांदी आडवी टाकायची. त्या दिवशी आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. साती पाड्यांचा देव एकच, म्हणून शीवही एकच. फांदी ओलांडणाऱ्यामुळं दुसऱ्यांच्या लेकरांवर संकट येतं असं आम्ही मानायचो. मीही मानायचो. मानत होतो आणि तरी केलं.

त्या दिवशी उजाडता उजाडता मी साती वाटांवर फांद्या टाकल्या. कौल लावला नव्हता. देवाकडं गेलोच नव्हतो, कुठल्या तोंडानं जाणार?

माणसं जमली होती. बायांनी नवी लुगडी नेसलेली, फडक्यात भाकरी बांधलेल्या, ढोलवाल्यांनी ढोल तापवून ठेवलेले. मी म्हटलं, "देवानं शीव बांधाया सांगितलंय. गुरांचा रोग येतोय. आज कोणी जायाचं नाय."

कोणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. कोणी भांडलं नाही. माझ्या शब्दावर दोनशे घरांनी भाकरीची फडकी खाली ठेवली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ठेकेदारानं शंभर शिपाई उभे केले असते तरी ही माणसं थांबली नसती. माझ्यासाठी थांबली, कारण मी त्यांचा होतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी.

रुपी माझ्यासमोर आली. "कौल लावलास, फागूदादा?"

"लावला."

"देवाच्या दगडाजवळ हुबा राहून लावलास?"

"लावला म्हंतो ना!"

मला वाटलं, आता ही बोंब मारणार. पण ती वळली आणि माणसांना म्हणाली, "आजचा दिस गेला तर आपली नावं गेली. वेठ काय सुटत नाय मग. चला रं." कोणी हललं नाही. सोम्या म्हणाला, "बाय, लेकरं हायती घरात." तिनं तानीला सोम्याच्या बायकोकडं दिलं, कमरेची दोरी चाचपली आणि फांदी ओलांडून एकटी गेली. कोणीतरी तिच्या मागं थुंकलं.

दिवस कलताना परत आली. कारकुनासमोर तिनं दोनशे नावं घडाघडा म्हटली होती, एकेक गाठ धरून. त्यानं एकच लिहिलं, तिचं. बाकीचे समोर नव्हते.

आठ दिवसांत तुकाचा बैल मेला. मरणारच होता, म्हातारा होता. पण बोट रुपीकडं गेलं. माळावर निवाडा बसला आणि निवाडा देणारा मीच! एक शब्द बोललो असतो तर बाई सुटली असती. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, एक शब्द काढला तर पुढचे सगळे बाहेर पडतील. मी म्हटलं, "रुपी वाळीत. तिला इस्तव नाय, पाणी नाय, तिच्या भाताच्या आवणीला कोणी जायाचं नाय." तिनं मान खाली घातली नाही, वाद घातला नाही, पोरीचा हात धरून घरी गेली. मला तिचं गप्प राहणं कळेना. हिला कसलाच संशय आला नाही की काय?

चैतात आढं आलं. बारा गड्यांनी चढवलं, गाणी म्हटली, मी सगळ्यांना जेवू घातलं. लोक म्हणाले, कारभाऱ्याचं दैव. आषाढात पाडाभर माणसं एकमेकांच्या शेतात आवणी करत होती, आणि ओहोळाकाठी चिखलात फक्त दोघी वाकलेल्या, रुपी आणि नऊ वर्षांची तानी. अर्धं शेत पडीक राहिलं. मी रोज त्या बांधावरून जायचो आणि मान दुसरीकडं करायचो.

भादव्यात खोडाळ्याला पटकी आली, खरीखुरी. रोज माणसं मरत होती. या वेळी मी देवाच्या दगडाला तांदूळ खरंच लावले. कौल पडला, शीव बांधली. सतरा दिवस एक माणूस शीवेबाहेर गेला नाही. रुपीच्या घरातलं मीठ संपलं होतं, तरी तीही गेली नाही. साती पाड्यांत एक मरण झालं नाही. लोक माझ्या पाया पडले. पडू नका रे, असं म्हणायचं धाडसही मला झालं नाही.

मार्गशीर्षात मतं आली. त्याच्या आदल्या दुपारी माळावर बैठक होती. रुपी आली आणि वाळीतली म्हणून लांब, चिंचेखाली उभी राहिली. तिथूनच ओरडली, "उद्या मत हाय. यादीत माझं एकटीचं नाव, पण मत काय माझं एकटीचं नाय. दोनशे घरांच्या गाठी हायती त्याला. कोणाला देऊ ते सांगा, मी देऊन येते."

वर्षभर जिला आम्ही विस्तवाचा निखारा दिला नाही, ती आम्हाला विचारायला आली होती! माळावर सगळ्यांच्या माना खाली गेल्या. रिवाज असा की आधी कारभाऱ्यानं बोलायचं. मी पागोटं सारखं करत बसलो. शेवटी सोम्या उठला, डोळे पुसले आणि म्हणाला, "वामनाला दे, बाय." मग एकेक घर बोललं, वामनाला, वामनाला.

ती गेली, देऊन आली. वामन एकोणतीस मतांनी पडला.

एकोणतीस, गुरुजी! आमच्या एका पाड्यात चाळीस घरं होती. पुढच्या पेरणीला वेठीचा माणूस पुन्हा दारात उभा राहिला आणि पुढं कैक वर्षं राहतच गेला.

आकडा कळला त्या दुपारी मी रुपीच्या घरी गेलो. ती दारात नागली पाखडत होती. मी उंबऱ्याबाहेर बसलो आणि म्हटलं, "रुपे, तवा मी कौल लावलाच नव्हता."

तिनं सूप थांबवलं नाही. "म्हायती हाय. निघायच्या आधी देवाच्या पाया पडाया गेलते मी. दगड कोरडा व्हता. एक दाणा नव्हता खाली."

मी म्हटलं, "मंग बोलली का नाय? वर्सभर वाळीत राहिलीस, पोरीला चिखलात वाकवलंस, अन् तोंडातून एक शब्द नाय?"

आता तिनं सूप खाली ठेवलं. "बोलले असते तर काय झालं असतं? शीव खोटी बांधता येते, हे समद्यांना कळलं असतं. रोग तर आज ना उद्या येणारच व्हता. मंग भादव्यात तुझ्या फांदीला कोण थांबलं असतं, फागूदादा? किती लेकरं मेली असती?"

मी तिथंच रडलो. बाप्या माणूस, कारभारी, तिच्या अंगणात हमसून हमसून रडलो. म्हटलं, आत्ता माळावर जातो, सगळ्यांसमोर सांगतो, मला वाळीत टाका म्हणतो.

"काय नको," ती म्हणाली. "तुला मोकळं वाटंल, अन् शीव मोडंल. तुझी शरम तुझ्यापाशी ठेव. माझी वाळी तेवढी उठव. तानीला पुढल्या आवणीला माणसं लागतील."

त्याच दिवशी वाळी उठवली. देवानं माफ केलं असं सांगितलं, म्हणजे पुन्हा खोटंच बोललो. आढं उतरवायला निघालो तर लोक विचारणार, का? म्हणून तेही तसंच राहिलं. इतकी वर्षं मी याच्याखाली निजतो. त्याला किडा लागत नाही, वाळवी लागत नाही. सागच तो.

रुपी गेली त्याला आता चार वर्षं झाली. पटकीची सुई टोचायला दवाखान्याची बाई येते, फांदी कोणी टाकत नाही. मोडायला शीवच उरली नाही, म्हणून आज तोंड उघडलं.

आता घ्या पेन्सिल आणि पहिलं नाव रुपीचं लिहा. मेलेल्या माणसाचं नाव यादीत चालत नाही म्हणता? बरं. मग पहिलं नाव तानीचं लिहा, तानी भिका, ओहोळाकाठचं घर. तिच्यामागं सगळा पाडा लिहा, एक घर सोडू नका. जागा उरली तर शेवटी माझं.