हिरवे पाणी हलवणारा

मित्रांनो, स्वस्थ बसणे मला जमत नाही. मी एक जुना शेकर आहे, म्हणजे काचेच्या चंबूंना दिवसरात्र गोल गोल झुलवणारे यंत्र. समुद्राचे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या ओट्यावर माझा मुक्काम असतो. माझ्यावरच्या चंबूंत सूक्ष्म शेवाळ वाढते. डोळ्यांना ते दिसत नाही, पाणी तेवढे हिरवे दिसते. मी थांबलो की ते तळाशी बसते आणि मरगळते. म्हणून माझ्या पायाला कायमची भिंगरी!

कारखान्यातून आलो तेव्हा माझा काय तोरा होता! आमच्या शास्त्रज्ञ बाई मला रोज पुसायच्या आणि पाहुण्यांना आधी मलाच दाखवायच्या. पुढे शेजारी नवा, चकचकीत शेकर आला आणि माझ्यावर धूळ साचू लागली. मला फार वाईट वाटले.

बोटींच्या बुडाला शिंपले, शेवाळ चिकटू नये म्हणून विषारी रंग लावतात. ते बाईंनी माझ्यावरच तपासले होते. एका रंगात तांबे, दुसऱ्यात शेवाळ मारणारे औषध. दोन्ही वेगवेगळे, थोडे थोडे घालून पाहिले. पाणी हिरवेच राहिले आणि दोन्ही रंगांना परवानगी मिळाली.

मग एक दिवस बाईंचा धाकटा भाऊ आला. गोदीजवळच्या खाडीत त्याची शिंपल्यांची शेती. त्याने पिशवी ओट्यावर रिकामी केली.

"ताई, बघ. सगळे पोकळ. पाण्यात यांना खायला शेवाळच उरलेलं नाही. आता बोटींना परत रंग लागणार. असाच आणखी एक हंगाम गेला तर मला खाडी सोडावी लागेल गं."

"अरे, रंग तर मीच तपासलेत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी जुन्या नोंदींची वही उघडली. "पण एकेकटे तपासले. खाडीत दोन्ही एकत्र उतरतात."

नवा शेकर दुसऱ्या कामात अडकला होता, म्हणून माझी आठवण झाली. दोन्ही विषे मिसळून चंबू चढले. माझा जीव टांगणीला लागला. आणि पाणी हिरवेगार! भावाचा चेहरा पडला. बाई मात्र येरझाऱ्या घालत राहिल्या, आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला. शेवाळाला आम्ही जे खुराकाचे पाणी देतो, त्यात तांब्याला धरून ठेवणारा एक पदार्थ असतो. चोराचे हात बांधायचे आणि तो चोरी करतो का ते पाहायचे, असा सगळा प्रकार!

"समुद्रात यांना असले लाड कोण पुरवतं?" असे म्हणत त्यांनी खाडीबाहेरचे स्वच्छ पाणी गाळून पुन्हा चंबू भरले: एकात तांबे, एकात औषध, एकात दोन्ही.

नेमका तेव्हाच माझा पट्टा घसरू लागला. मी थांबलो असतो तर रंगवाल्यांना आयतेच कोलीत मिळाले असते. शेवाळ विषाने नव्हे, यंत्र बंद पडल्याने मेले, असे ते म्हणाले असते.

"हा म्हातारा टिकेल ना?" भावाने विचारले.

"टिकेल. कुरकुर करतो, पण काम सोडत नाही."

ते ऐकून मला केवढे बळ आले! मी फिरत राहिलो. तांब्याचा चंबू थोडा फिकटला, औषधाचाही थोडा. दोन्हींचा मात्र पांढरा पडला. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला!

बाई ते चंबू घेऊनच बंदराच्या बैठकीला गेल्या. आपलीच जुनी तपासणी अपुरी होती, हे त्यांनी भर सभेत सांगितले. बोटींना परत लागणारा रंग थांबला. भाऊ अजून खाडी धरून आहे.

मित्रांनो, एवढ्याशाने काय होतंय, असे म्हणून उरलेले औषध किंवा रंग मोरीत ओतू नका. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी दुसरे काही ओतलेले असते. दोघांची गाठ पाण्यात पडते आणि तिथे बघायला कोणी नसते.

त्या पांढऱ्या चंबूतला एक थेंब बाईंनी चांगल्या पाण्यात टाकून माझ्यावर ठेवला आहे. एखादा जीव तगला असेल तर पाणी हिरवे होईल. रोज सकाळी बाई तो चंबू उजेडात धरतात आणि परत ठेवतात. अजून हिरवे झालेले नाही. मी कसा थांबू?